इंग्लंडच्या जुन्या पॅरिश नोंदींत पूर्वज मध्येच गायब होतो तेव्हा: काय, कोणत्या क्रमाने तपासावे

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्या तारखेच्या अलीकडचे पूर्वज बहुधा सापडतात. पलीकडे गेले की मुख्य आधार गावच्या चर्चमधल्या पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) नोंदवह्यांचा, आणि वंशावळीची साखळी तुटते ती इथेच. खडकी, देवळाली, भुसावळच्या एखाद्या अँग्लो-इंडियन घराण्याचा शोध असो की लेकीच्या इंग्लिश सासरचा, बिघाड तोच असतो आणि तो शोधण्याचा क्रमही तोच.

लक्षणे

- लग्नाची नोंद मिळते, पण नवऱ्याचा बाप्तिस्मा कुठेच मिळत नाही.
- मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० चा आणि आईबापांचे लग्न मे १७२० चे.
- एका जोडप्याची मुले १७७८, १७८०, १७८२ अशी ओळीने येतात, मग बारा वर्षे शांतता, आणि १७९५ मध्ये एकाच दिवशी चौघांचा बाप्तिस्मा.
- एकाच नावाची दोन मुले, शेजारच्या दोन गावांत, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. आपला कोणता ते कळत नाही.
- १६४३ ते १६६० सबंध गावच गप्प.
- लग्न आणि दफन गावच्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा मात्र एकाही मुलाचा नाही.
- बाप्तिस्मा आहे, पुढे ना लग्न ना दफन.

पोकळी नेमकी कुठे आहे?

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराणे एका जागी सापडते. आजोबा आले, त्यांनी भावांची आणि मुलांची नावे सांगितली, सही केली. नातू आला की त्याची नोंद त्याच घराण्याखाली पडते. ही सवय मनात ठेवून इंग्लिश नोंदवही उघडली तर फसगत होते. ती चर्चमध्ये झालेल्या विधींची वही आहे. तिच्यात जन्माऐवजी बाप्तिस्मा असतो आणि मृत्यूऐवजी दफन. विधी दुसरीकडे झाला, उशिरा झाला, झालाच नाही किंवा पाद्रीबुवा लिहायचे विसरले, तर हयात माणूसही वहीत नसतो.

म्हणून पोकळी तीन ठिकाणी असू शकते: संगणकावरच्या इंडेक्समध्ये (नोंदींवरून केलेल्या नावांच्या शोधयादीत), मूळ वहीत किंवा त्या कुटुंबाच्या आयुष्यात. तपासायचेही याच क्रमाने. इंडेक्सची तपासणी घरबसल्या फुकट होते, वहीला वेळ लागतो, तिसऱ्यासाठी पैसा आणि प्रवास लागतो. उलट क्रमाने जाणारे लोक ‘पूर्वज परदेशी गेला असणार’ असे ठरवून महिनोन्महिने जहाजांच्या याद्या धुंडाळतात, आणि माणूस त्याच गावात चुकीच्या स्पेलिंगखाली बसलेला असतो.

सुरुवातीलाच एक तक्ता आखा: पॅरिश, वर्षे, काय पाहिले (इंडेक्स की पानाचे चित्र), कोणती स्पेलिंग वापरली, निकाल. न सापडलेलेही लिहायचे. हा तक्ता नसेल तर तेच गाव तीनदा पाहिले जाते आणि शेजारचे एकदाही नाही.

१. हातात असलेली माहिती खरी आहे का? (खर्च काही नाही, अर्धा तास)

‘जन्म १७९१’ हे कुठून आले ते पाहा. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचे वय खाली पाचाच्या पटीत उतरवायचे, अशी सूचना होती. म्हणजे ४९ वर्षांचा माणूस कागदावर ४५ चा होतो. दफनाच्या नोंदीतले वय सांगणारे दुसरेच कोणी असते, तेही अंदाजाने. त्यामुळे शोध एका वर्षावर न लावता दोन्ही बाजूंना किमान पाच वर्षे सैल ठेवा. बाप्तिस्मा उशिरा, अगदी प्रौढपणीही होई, म्हणून पुढच्या बाजूला जास्तच.

पूर्वज ३० मार्च १८५१ ला हयात असेल तर आधी त्या दिवसाची जनगणना काढा, कारण तिच्यात जन्माचे पॅरिश लिहिलेले असते. दुसरे लग्न १८३७ नंतर झाले असेल तर वडिलांचे नाव आणि धंदाही मिळतो. ते लग्न चर्चमध्ये झाले असेल आणि चर्चच्या वहीचे चित्र ऑनलाइन असेल, तर सरकारी दाखला विकत घेण्याची गरज नाही. तिथला रकाना न् रकाना तोच असतो.

२. पंचांग (दहा मिनिटे)

१७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदी जुन्याच वर्षाखाली पडत. वरच्या दुसऱ्या लक्षणाचा उलगडा एवढाच: फेब्रुवारी १७२० म्हणजे आपला फेब्रुवारी १७२१, लग्नानंतरचा नववा महिना. अशी तारीख नेहमी १७२०/२१ अशी जोडून लिहा. नुसते १७२१ लिहिले की पुढचा वाचक त्यात आणखी एक वर्ष मिळवतो.

१७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्या अकरा दिवसांत नोंद नाही म्हणून पान हरवले असे समजू नका. क्वेकर पंथाच्या वह्यांत महिन्यांना नावे नसतात, आकडे असतात, आणि १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ मार्च असतो.

३. नाव आणि इंडेक्स (फुकट, एक-दोन संध्याकाळी)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण सगळ्यात जास्त माणसे इथेच सापडतात. आडनावाचे एकच ‘बरोबर’ स्पेलिंग असते ही कल्पना त्या काळाला लागू नाही. खेड्यातला मजूर निरक्षर असे. पाद्रीबुवांनी ऐकले तसे लिहिले. गावबोलीत सुरुवातीचा ‘ह’ गिळला जाई, म्हणून हॉकिन्सचा शोध ‘ए’ अक्षराखालीही घ्यायचा. जुन्या हस्ताक्षरातला उभा लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे रसेलचे इंडेक्समध्ये ‘रफसेल’ होते.

फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग ही संकेतस्थळे फुकट आहेत. तिथे पुढच्या क्रमाने शोधा:

- आडनाव रिकामे ठेवून मुलाचे नाव, बापाचे नाव, पॅरिश, दहा वर्षे.
- मुलाचे नावही काढून फक्त आईबापांची पहिली नावे. भावंडे सापडली की आडनावाचे त्या गावातले रूप कळते.
- आडनावातल्या स्वरांच्या जागी तारांकन.
- आईचे माहेरचे आडनाव, बाप न घालता. लग्नाआधी झालेल्या मुलाची नोंद आईच्या आडनावाने होई आणि पुढे तोच मुलगा बापाचे आडनाव लावी. ‘नवऱ्याचा बाप्तिस्माच नाही’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण.

पहिल्या नावांचेही सापळे आहेत. ‘जेएनओ’ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. ‘एक्सपी’ने सुरू होणारे नाव ख्रिस्तोफर. लॅटिन नोंदीत जाकोबुस म्हणजे सहसा जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, कारोलुस म्हणजे चार्ल्स. पॉली आणि मॉली या मेरी, नॅन्सी ही ॲन, पेगी ही मार्गारेट. ॲन आणि हॅना तर एकाच बाईच्या दोन नोंदींत अदलाबदल होऊन येतात.

४. ते गाव, ती वर्षे इंडेक्समध्ये आहेत का? (फुकट)

शोधपेटीत ‘काही नाही’ आले की लोक वहीत काही नाही असे समजतात. पण त्या पॅरिशचे बाप्तिस्मे १७६० पर्यंतच चढवलेले असतील, किंवा लग्ने आहेत आणि दफने नाहीत असे असेल. प्रत्येक संकेतस्थळाची गाववार, वर्षवार यादी असते. ती आधी वाचा. एका ठिकाणी नसलेले गाव दुसऱ्या ठिकाणी असू शकते. अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट यांना वर्गणी लागते, पण इंग्लंडातल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत त्या फुकट वापरता येतात. तिथे राहणाऱ्या नातेवाइकाची ही मदत जरूर घ्या.

५. वही मोजा (चित्रे ऑनलाइन असतील तर फुकट, दोन-तीन तास)

आता मूळ पाने. आपले नाव शोधण्याआधी वीस वर्षांचे बाप्तिस्मे वर्षवार नुसते मोजा. अठराव्या शतकात चारशे वस्तीच्या गावात वर्षाला साधारण १२ ते १५ बाप्तिस्मे अपेक्षित असतात. आकडे १४, १२, १५, ३, ०, १, १३ असे आले तर पोकळी वहीत आहे. आकडे सपाट असूनही आपले कुटुंब नसेल, तर कुटुंब दुसरीकडे होते. पुढची सारी दिशा या मोजणीवर ठरते. ती टाळू नका.

मोजताना वही उलटी करून मागच्या बाजूनेही पाहा. चर्मपत्र महाग, म्हणून लग्ने किंवा दफने मागून लिहीत आणल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. राहून गेलेल्या नोंदी समासात किंवा शेवटच्या कोऱ्या पानावर कोंबलेल्या असतात.

काही वर्षांच्या पोकळीचे कारण मात्र आधीच माहीत आहे.

आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. सुरुवातीच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी सुट्या कागदांवर होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्राच्या वहीत उतरवायला सांगितले, ‘विशेषतः’ एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या. त्या एका शब्दाचा आधार घेऊन अनेक पाद्रींनी १५५८ आधीचे उतरवलेच नाही. त्यामुळे वही १५५८ ला सुरू होत असेल तर आधीची पाने शोधण्यात वेळ घालवू नका.

१६४२ नंतरच्या राजा विरुद्ध पार्लमेंट यादवीत पाद्री हाकलले गेले, वह्या लपवल्या गेल्या. १६५३ च्या कायद्याने नोंदणी चर्चकडून काढून निवडून दिलेल्या इसमाकडे दिली; त्याच्या पदाचे नावच ‘पॅरिश रजिस्टर’. तो बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिही, आणि लग्ने न्यायाधीशापुढे लागत. त्याची वही वेगळी असे आणि १६६० ला राजा परतल्यावर ती बऱ्याच गावांत नाहीशी झाली. या काळातल्या लग्नाची घोषणा बाजारपेठेत तीन बाजारच्या दिवशीही करता येई, म्हणून जवळच्या बाजारगावची वही जरूर पाहा.

१६९५ ते १७०६ या नोंदींवर कर होता. १ ऑक्टोबर १७८३ पासून १७९४ पर्यंत पुन्हा, दर नोंदीला तीन पेन्स. गरिबांना माफी. कर लागण्याआधी सप्टेंबर १७८३ मध्ये मुलांचे बाप्तिस्मे उरकून घेण्याची घाई दिसते, मग ओहोटी, आणि कर उठल्यावर भावंडांचे एकत्र बाप्तिस्मे. तिसऱ्या लक्षणाचे कारण हे. नोंदीपुढचे ‘पी’ अक्षर म्हणजे बहुधा करमाफीचा गरीब, पण काही पाद्री घरी उरकलेल्या खाजगी बाप्तिस्म्यालाही तेच अक्षर लावतात. त्या वहीतली इतर पाने पाहून ठरवा.

लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ ला लागू झाला. त्याआधी चोरून लागलेली लग्ने वैध होती, आणि लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात ती ढिगाने लागत. लंडनच्या आसपासचे १७५४ आधीचे लग्न मिळत नसेल तर नॅशनल अर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्यातली ‘आरजी ७’ ही मालिका पाहावी.

१ जानेवारी १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या: बापाचा धंदा, राहण्याचे ठिकाण, दफनात वय. त्याआधी यॉर्कशरमध्ये विल्यम डेड या पाद्रीच्या पद्धतीने १७७७ च्या सुमारास सुरू झालेल्या वह्यांत तर आजी-आजोबांची नावेही असतात. आपले गाव त्यांत निघाले तर दोन पिढ्या एका ओळीत हाती येतात.

६. बिशपकडची प्रत (ऑनलाइन असेल तर फुकट, नाहीतर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसचे (दप्तरखान्याचे) शुल्क)

१५९८ पासून प्रत्येक पॅरिशने वर्षभराच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची होती. मूळ वही जळाली, भिजली, उंदरांनी खाल्ली तरी ही नक्कल वेगळ्या इमारतीत वाचलेली असू शकते. मूळ वही धड असली तरी नक्कल पाहावी: उतरवताना कधी आईचे नाव किंवा वस्तीचे नाव जास्तीचे लिहिले जाई, कधी मूळ वहीत राहून गेलेली नोंद इथे मिळते.

दोन मर्यादा लक्षात असू द्या. यादवीच्या काळात बिशपांचे पदच रद्द झाले होते, म्हणून १६४० च्या दशकापासून १६६० पर्यंत नकलांवर भिस्त ठेवता येत नाही. आणि ‘पेक्युलियर’ म्हटली जाणारी काही पॅरिशे स्थानिक बिशपच्या अधिकाराबाहेर असत. त्यांच्या नकला दुसऱ्याच दप्तरात जात. कधी ते दप्तर दुसऱ्या काउंटीत असते.

७. शेजारची गावे आणि उपचर्च

वही सपाट निघाली, तरी माणूस नाही? आता वर्तुळ काढा: आधी पाच मैल, मग दहा. शेतमजूर वर्षाच्या कराराने राही, उत्तरेत मार्टिनमसला म्हणजे ११ नोव्हेंबरच्या सुमारास आणि दक्षिणेत मायकेलमसला म्हणजे २९ सप्टेंबरच्या सुमारास मालक बदली, पण पायी जाण्याच्या टप्प्यात. लग्न बहुधा मुलीच्या गावी, आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्माही अनेकदा आईच्या माहेरच्या चर्चमध्ये. पहिलटकरीण माहेरी जाते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

उत्तरेत एकेक पॅरिश एवढे मोठे की त्यात अनेक उपचर्चे. यॉर्कशरचे हॅलिफॅक्स आणि लँकेशरचे व्हॉली ही नावे याबाबतीत कुप्रसिद्धच आहेत. मँचेस्टरमध्ये दूरदूरची जोडपी जुन्या कॉलेजिएट चर्चमध्ये लग्न लावत, म्हणून तिथल्या लग्नावरून राहण्याचे ठिकाण ठरवू नका. फॅमिलीसर्चवर १८५१ च्या पॅरिश हद्दींचा नकाशा आहे. त्यावर गाव टिचकवले की शेजारची पॅरिशे यादीने मिळतात. ‘याच पॅरिशचा’ या शब्दांवरही फार विसंबू नये. लग्नापुरता काही आठवड्यांचा मुक्काम असला तरी ते लिहीत.

८. दुसरा पंथ

लग्न आणि दफन चर्चमध्ये, बाप्तिस्मे गायब: याचा अर्थ जवळजवळ नेहमी कुटुंब बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट, प्रेस्बिटेरियन अशा, अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथाचे होते. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना लग्न अँग्लिकन चर्चमध्येच लावावे लागे, आणि गावात दफनभूमीही बहुधा तीच. बॅप्टिस्ट तर अर्भकाला बाप्तिस्माच देत नाहीत; तिथे जन्मनोंद शोधावी. १८३७ नंतर सरकारकडे जमा झालेल्या या पंथांच्या वह्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या ‘आरजी ४’ मध्ये, क्वेकरांच्या ‘आरजी ६’ मध्ये, आणि लंडनच्या डॉक्टर विल्यम्स लायब्ररीतली जन्मनोंद ‘आरजी ५’ मध्ये आहे.

९. नाव जोडण्याआधी मृत्यू तपासा

दोन उमेदवार असले, किंवा एकच असला तरी ही तपासणी चुकवू नका. त्या मुलाचे दफन बाप्तिस्म्यानंतरच्या पंधरा वर्षांत त्याच आणि शेजारच्या पॅरिशमध्ये झाले का ते पाहा. त्या काळी साधारण सहातले एक मूल पहिल्या वर्षातच जाई, आणि गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या भावंडाला देत. त्याच आईबापांच्या पोटी १७६४ चा थॉमस आणि १७६७ चा थॉमस दिसला तर पहिला बहुधा गेलेला आहे. इंटरनेटवरच्या कितीतरी वंशावळींत तान्हेपणी गेलेल्या मुलाला बायको आणि आठ मुले चिकटवलेली आहेत. रिकामी जागा नंतर भरता येते. चुकीचा पूर्वज बसला की त्याच्यामागच्या सगळ्या पिढ्या परक्या होतात.

१०. पॅरिशची पेटी, परवाने, मृत्युपत्रे (रेकॉर्ड ऑफिस, वेळ आणि पैसा दोन्ही)

गरीब कुटुंबासाठी पॅरिशच्या पेटीतले (पॅरिशच्या कारभाराचे कागद ज्या पेटीत ठेवत तिच्यातले) कागद नोंदवहीपेक्षा बोलके असतात. १६६२ च्या कायद्याने कोणत्या गरिबाला कोणत्या पॅरिशने पोसायचे हे ठरवावे लागे. त्यासाठी घेतलेल्या जबानीत जन्मगाव, नोकरीचे मालक, लग्न असे सगळे येते, आणि हद्दपारीच्या, म्हणजे गरिबाला त्याच्या पॅरिशला परत धाडण्याच्या, हुकमात बायको-मुलांची नावे, अनेकदा वयांसह. थोडे बऱ्या स्थितीतले लोक बिशपच्या परवान्याने लग्न करीत; त्या अर्जात वय आणि पॅरिश असते. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत आहेत. डेव्हनच्या बाबतीत आशा कमी ठेवा: एक्सेटरच्या दप्तरातली मृत्युपत्रे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

११. समुद्रापार

वीस वर्षांचा तरुण वहीतून कायमचा गेला, आणि वरचे सगळे पाहून झाले, तरच हा मार्ग. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गेलेल्याचे लग्न, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफन मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींत मिळू शकते. त्यांच्या लंडनला पाठवलेल्या नकला ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत १७०९ पासून आहेत, आणि बऱ्याच फाइंडमायपास्टवर दिसतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा शोधसाठा फुकट आहे.

आपल्याकडून मागे जाणाऱ्यांची अडचण उलटी असते: खडकीतली लग्ननोंद मिळते, पण इंग्लंडातले गाव तिच्यात नसते. तेव्हा चर्चनोंदी सोडून लष्करी कागद धरा. रंगरूटांच्या जहाजवार याद्या ‘एल/मिल/९’ मध्ये आणि मुंबई फौजेच्या हजेरीपटांची मालिका ‘एल/मिल/१२’. काउंटी किंवा पॅरिश कळले की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

कुठे थांबून जाणकाराला बोलवावे

- मजकूर लॅटिनमध्ये किंवा सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ‘सेक्रेटरी’ वळणाच्या अक्षरात आहे आणि एका ओळीतले निम्मे शब्द लागत नाहीत. अंदाजाने वाचलेले नाव न वाचलेल्यापेक्षा वाईट.
- वहीचे चित्र कुठेही नाही आणि मूळ प्रत फक्त रेकॉर्ड ऑफिसात आहे. एका दिवसाच्या कामासाठी विमानप्रवास करू नका. बहुतेक रेकॉर्ड ऑफिसे तासाच्या दराने शोधून देतात.
- पान ओले, बुरशी आलेले किंवा चिकटलेले आहे. ते स्वतः सोडवू नये, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगावे.
- निकाल वारसाहक्क, नागरिकत्व अशा कायदेशीर कामाला लागणार आहे. तिथे वंशावळीचा अंदाज चालत नाही. प्रमाणित नक्कल आणि वकील लागतो.
- दोन उमेदवार दोघेही जगले, दोघांचीही लग्ने झाली, आणि मृत्युपत्र किंवा पेटीतला कागद नाही.

संशोधक निवडताना ‘ॲग्रा’ या १९६८ पासूनच्या व्यावसायिक संघटनेची यादी पाहावी. प्रश्न एकच आणि नेमका द्या: ‘अमुक पॅरिशच्या १७६० ते १७७५ च्या बिशपकडच्या नकलांत या आईबापांची मुले.’ तासांची मर्यादा लेखी ठरवा, आणि सोबत सुरुवातीला आखलेला तक्ता पाठवा, नाहीतर तुम्ही फुकटात केलेले काम तो पैसे घेऊन पुन्हा करील.

मूळ वही नाही, नक्कल नाही, पेटीही रिकामी, असे झाले तर वंशावळीत ती जागा तुटक रेघेने दाखवा आणि शेजारी लिहा: कोणती पॅरिशे, कोणती वर्षे, कोणत्या तारखेपर्यंत पाहिली. नवे इंडेक्स चढत असतात; वर्षातून एकदा पायरी तीन आणि चार पुन्हा करायच्या.